भोंगा

कारखान्याला टाळं लागल्यापासून वनिताचं तान्हं दूध तोंडात धरेना. कामाच्या मध्ये भूक आडवी येऊ नये म्हणून मालकांनी कामगारांच्या आतड्याच्या स्नायूंमधल्या, ताल देणाऱ्या पेशी बदलून घेतल्या होत्या. भोंगा वाजला की वस्तीभर भूक लागे, एरवी घास उतरत नसे. तो बदल पोटातल्या पोरातही उतरेल, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

"डॉक्टर काय म्हणाले गं?" सासूने विचारलं.

"कारखाना सुरू होईपर्यंत कळ काढा म्हणाले."

वनिताने बाळाला मांडीवर घेतलं आणि घसा फाटेस्तोवर तोंडानेच भोंग्याचा आवाज काढला. बाळ चुळबुळलं, लुचू लागलं.

भिंतीपलीकडून शेजारीण रडवेल्या आवाजात ओरडली, "वनिता, अजून एकदा गं! आमचा म्हातारा कालपासून ताटावर नुसताच बसलाय!"