तीसपर्यंत मोजायचं

चार.

लोडरचं बकेट खाणीच्या कड्याला टेकलेलं. वर केबिनमध्ये मिस्त्रीचा थोरला भाऊ. एक पाय ब्रेकवर, दुसरा ॲक्सिलरेटरवर, दोन्ही तळापर्यंत दाबलेले. गिअर पुढचा. इंजिन जिवाच्या आकांतानं ओरडत होतं आणि मशीन तसूभर हलत नव्हतं. हलायचं नव्हतंच. ही परीक्षाच तशी. तीसपर्यंत मोजायचं, पुढे एकही नाही, नाहीतर आतलं तेल उकळतं.

खाली मिस्त्री एक हात वर धरून मोजत होता. हात खाली आला की दादानं पाय उचलायचा, असं ठरलेलं. दुसऱ्या हातात इंजिनाचे फेरे मोजणारं, तारेनं जोडलेलं मीटर. काटा लाल खुणेवर थांबला तर मशीन धडधाकट. पुढे पळाला तर क्लच घसरतायत. सकाळी पळाला होता.

सात.

शेजारी सुपरवायझर, कानांत बोटं घालून. दादाला तो काका म्हणायचा. आठ दिवस त्याचं एकच तुणतुणं. लोडर चढावर अडतो, खेपा निम्म्यावर आल्या. "मशीनला काय धाड भरलीय? काका थकलेत. उद्यापासून दुसरा माणूस बसवतो." शेवटी मिस्त्रीनंच त्याला शब्दात अडकवलं होतं. तेल भरून काटा खुणेवर आला तर दोष मशीनचा. काका राहतील.

म्हणून नजर काट्यावर.

दहा. अकरा.

या मशीनमध्ये इंजिन आणि चाक यांची गाठच पडत नाही. मधल्या डब्यात दोन पंखे, समोरासमोर, एकमेकांना न शिवता. इंजिनाचा पंखा तेल फेकतो. ते दुसऱ्या पंख्यावर आदळतं, तो फिरतो, म्हणून चाक फिरतं. गिअरसुद्धा तेलाच्या दाबावर. दाब आला की क्लचच्या चकत्या आवळतात, गेला की सुटतात. सगळा संसार तेलावर.

वहिनीला हे कधी पटलं नाही. "मधे काही जोडच नाही? मग फिरतं कसं?"

"आपल्या घरात कसं फिरतं?" दादा म्हणाला होता. "तू तिकडून बोलतेस. मी इकडे फिरतो."

चौदा.

तेल रोज बघायचं काम मिस्त्रीचं. रोज सकाळी सात वाजता, इंजिन सुरू व्हायच्या आधी, तो दांडी ओढून बघायचा. भरलेलं. पुसून परत खोचायचा. आज मात्र मशीन चढावर अडलं तेव्हा त्यानं इंजिन चालू ठेवूनच दांडी ओढली. टोक कोरडं.

बंद मशीनमध्ये डब्यातलं तेल खाली टाकीत उतरतं, आणि टाकी भरलेली दिसते. इंजिन सुरू झालं की डबा आपला वाटा ओढून घेतो. खरं माप तेव्हाच कळतं. हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण चालू मशीनचं तेल बघायचं तर ते आधी तापू द्यावं लागतं. वीस मिनिटं थांबावं लागतं. कोण थांबतंय.

"चूक माझी, दादा," तो म्हणाला होता. "थंड मशीनचं तेल बघत बसलो."

दादा छाती चोळत हसला होता. "चला, बारक्या. मला वाटलं, माझंच काही बिघडलंय. तुझा तो कागद खरा म्हणायचा."

सतरा.

तो कागद मिस्त्रीच्या खिशात होता. मंगळवारचा. दवाखान्यात दादाला टेबलावर आडवा निजवून छातीला तारा लावल्या होत्या. रेघा सुरेख आल्या. डॉक्टरांनी विचारलं, "चढताना धाप लागते?"

"छे," दादा म्हणाला.

डॉक्टरांनी मिस्त्रीकडे पाहिलं. खाणीतून वर येताना दादा रोज दोनदा दगडावर टेकतो, हे मिस्त्रीला माहीत होतं. पण कागदावर भलतंच काही लिहून आलं असतं तर केबिन सुटली असती, आणि केबिनशिवाय दादा म्हणजे काय, हेही त्याला माहीत होतं.

"नाही, डॉक्टर," तो म्हणाला. मग बाहेर येऊन वहिनीला फोन केला. सगळं ठीक आहे.

वीस.

काटा खुणेवर. केसभर इकडे नाही, तिकडे नाही.

"बघा," मिस्त्री मान वर न करता ओरडला. सुपरवायझरनं वाकून पाहिलं.

तेवीस.

एकदम चारही चाकं जागच्या जागी फिरली. खडी उडाली. बकेट कड्यावर कचकचलं. सुपरवायझर दोन पावलं मागे सरला आणि हसला.

"ताकद आली की," तो मिस्त्रीच्या कानाशी ओरडला. "राहू देत काकांना."

आठ दिवसांचं ओझं मिस्त्रीच्या मानेवरून उतरलं. पंचवीस. हे दादाला कधी सांगतो असं त्याला झालं. सव्वीस. सत्तावीस. संध्याकाळी वहिनीला आपणच सांगू. अठ्ठावीस. एकोणतीस.

"तीस."

त्यानं हात खाली टाकला.

इंजिन खाली आलं नाही.

त्यानं हात पुन्हा वर करून पुन्हा टाकला. मग पहिल्यांदाच मान वर केली.

काचेमागे दादाचं कपाळ स्टिअरिंगवर टेकलेलं होतं. दोन्ही हात खाली लोंबत होते. ब्रेकवरचा पाय निसटला होता, तेवीसलाच. दुसरा होता तिथेच होता.

मिस्त्रीनं शिडी धरली. पाच पायऱ्या. त्यानं हाक मारली, पण त्या आवाजात ती त्याची त्यालाच ऐकू आली नाही. तोंड मात्र थांबेना.

एकतीस.