आंब्यावरचं दगडफूल

पेन्सिल आणि बटरपेपर घेऊन कुमठेकरबाई सोसायटीच्या बागेत आल्या आणि आंब्यापाशी थबकल्या. शेवंतीवरचं दव अजून सुकलं नव्हतं, पण आंब्याच्या खोडाला छातीपर्यंत ताजा गेरू फासलेला होता आणि वर चुन्याचा पांढरा पट्टा.

"सोपान! इथलं दगडफूल कुठं गेलं?"

म्हातारा माळी ब्रश धुता धुता वळला. "खरवडून काढलं की! खोड घासल्याशिवाय गेरू धरत नाही, बाई."

बाईंचा पारा चढला. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर जानेवारीत त्या या दगडफुलाच्या राखाडी-हिरव्या ठिपक्याची कड कागदावर उतरवून घेत होत्या. अकरा हिवाळ्यांत तो जेमतेम नखाएवढा पसरला होता. आणि या माणसाने तो एका सकाळीत संपवला!

"झाडावर काय जगतंय, ते बघायला डोळे नाहीत का तुम्हाला? कुठल्या शहाण्याने सांगितलं हे?"

सोपानने हात पुसले आणि सेक्रेटरींनी दिलेला कागद खिशातून काढून पुढे धरला. जुलैमधला अर्ज होता. खिडकीखालचा पारिजातक वाळवीने खाल्ला, म्हणून कुणीतरी तावातावाने लिहिलेला. कमिटी झोपली आहे काय, झाडांना गेरू-चुना कधी लावणार, असा जाब विचारलेला. अक्षर फळ्यावरच्यासारखं वळणदार होतं आणि खाली सही बाईंचीच.

'सर्व झाडांना' असं लिहून 'सर्व'खाली त्यांनी दोन रेघा ओढल्या होत्या.