गप्प गटातला सलूनवाला

गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि सलूनवाल्याची नजर त्याच्या मानेवर गेली. मागचे केस कुणीतरी कुरतडल्यासारखे कापले होते. डावीकडे एक पायरी, उजवीकडे दोन. 'कुणी केलं हे?' अगदी ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं.

"किती ठेवू?" एवढंच विचारलं.

तेवढं चालत होतं. बाकावर त्याची मेव्हणी मांडीवर टॅब घेऊन बसली होती. अनोळखी माणसाशी चार शब्द बोलल्याने माणसाला बरं वाटतं का, हे ती विद्यापीठात तपासत होती. चिठ्ठ्या टाकून दोन गट केले होते. एका गटाने आठवडाभर अनोळखी लोकांशी गप्पा मारायच्या, दुसऱ्याने कामापुरतं सोडून चकार शब्द काढायचा नाही. सलूनवाल्याची चिठ्ठी गप्प गटात निघाली तेव्हा मेव्हणीचं तोंड उतरलं होतं. तो मात्र खूश. एके काळी गिऱ्हाइकं त्याला 'रेडिओ' म्हणायची. बायको गेल्यापासून दुकानात कात्रीशिवाय कुणाचा आवाज नव्हता, आणि जुनी गिऱ्हाइकं आता पुढच्या चौकात जायची.

"ह्यात मी पहिला येणार बघ," तो मेव्हणीला म्हणाला होता.

"पहिले याच बरं," ती म्हणाली होती. "तुमच्या गटातली माणसं आधीच गळताहेत. तुम्ही तरी टिका, भावोजी."

गिऱ्हाईक पन्नाशीचं होतं. शर्टाची गुंडी चुकीच्या काजात. ते आरशात बघून म्हणालं, "मशीन फिरवा सगळीकडून. एकदम साफ. तिला दिसलं पाहिजे."

सलूनवाल्याने मशीन उचललं. कुणाला, ते विचारलं नाही.

"बायकोला," गिऱ्हाईक आपणहून म्हणालं. "लग्न झाल्यापासून माझे केस तीच कापते. दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. काल भांडलो. नाही नाही ते बोलली मला. म्हटलं थांब, आता सलूनमध्येच जाऊन येतो. बस म्हणावं कात्री धरून."

मशीन घरघरत मानेपर्यंत आलं. केसांना टेकायच्या आत थांबलं. सलूनवाल्याने बटण बंद केलं.

"कशावरून भांडलात?"

मेव्हणीची मान वर झाली. "भावोजी..."

"पडद्यांवरून," गिऱ्हाईक म्हणालं. "तिला हिरवे हवेत."

"मग लावा की हिरवे! काय खिडकी जळणार आहे?"

"भावोजी, हे कामापुरतं नाही."

"मग काय आहे?" सलूनवाला तिच्याकडे न बघताच म्हणाला. तो गिऱ्हाइकाच्या मानेवर वाकला. "ह्या पायऱ्या तिच्या ना? कापताना जीभ बाहेर काढत असेल. आणि कान दुमडून धरत असेल, कात्री लागू नये म्हणून."

"डावा. फार जोरात धरते. तुम्हाला कसं कळलं?"

"माझेही बायकोच कापायची. सलूनवाल्याचे केस, बोला आता! एक बाजू कायम आखूड. गिऱ्हाइकं म्हणायची, स्वतःच्या डोक्याचं हे असं, आणि आमच्या डोक्याला हात लावतोस? मी सांगायचो, ह्या डोक्याची मालकीण वेगळी आहे. तिच्याकडे तक्रार करा." तो हसला. हसताना आवाज फुटला, तरी थांबला नाही. "आता पलीकडच्या गल्लीतल्या पोराकडून कापून घेतो. चांगलं कापतो. दोन्ही बाजू अगदी सारख्या." त्याने आरशात स्वतःकडे एकदा बघितलं. "बघवत नाही हो."

सलूनवाल्याने गाठ सोडून कापड काढून घेतलं.

"उठा."

"अहो, पण केस?"

"माझ्या दुकानात तुमचे केस कापले जाणार नाहीत. पडदे घ्या आणि घरी जा. हिरवे. आणि ती गुंडी नीट लावा, नाहीतर तीही तिलाच लावावी लागेल."

गिऱ्हाईक उठलं. गुंडी चाचपत दारापर्यंत गेलं, तिथे थबकलं, मानेवरून हात फिरवला.

"मागून फारच वाईट दिसतं का?"

"भयंकर," सलूनवाला म्हणाला. "जपा."

माणूस पायऱ्या उतरून झपाझप चालू लागला. सलूनवाला दारात येऊन मागून ओरडला, "फिके नको! गडद हिरवे!" समोरच्या दुकानातली दोन माणसं बाहेर येऊन बघू लागली.

मेव्हणी टॅबकडे बघत होती. तिने नाक ओढलं.

"ताईची जीभ खरंच बाहेर यायची," ती म्हणाली. मग आवाज चढवून, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं, "बाद! भावोजी, तुम्ही बाद!" तिने टॅबवर असं बोट दाबलं, जणू परीक्षेत कुणी पहिलं आल्याची बातमी कळवत होती.

तेवढ्यात एक नवा माणूस आत येऊन खुर्चीत बसला. "फक्त दाढी. जरा घाई आहे."

"घाई नंतर करा," सलूनवाला ब्रश फेसात बुडवत म्हणाला. "आत्ता इथे काय झालं ते आधी ऐका. एक माणूस आला. मान बघितली, तर काय..."

"भावोजी, बाद होणाऱ्यालाही एक शेवटचा प्रश्न असतो," मेव्हणी म्हणाली. "आत्ता कसं वाटतंय? दहापैकी किती?"

"...तर काय, जिनाच! आता मला सांगा, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?"

"भावोजी, दहापैकी किती?"

"थांब गं," तो म्हणाला. "बोलतोय ना मी."