गिटारआधीची हाक

किन्शासातल्या त्या ऑर्केस्ट्राच्या गाजलेल्या गाण्यात एक जागा यायची. तिथे गायक लोकोम्बे गिटारवाल्याला नावाने हाक मारायचा आणि मगच गिटार सुरू व्हायची. हाक होती बोलाम्बाची. बोलाम्बा वारला, त्याच्या जागी एकांगाने अकरा वर्षं वाजवलं, तरी लोकांना हाक बोलाम्बाचीच लागायची. पुढे ऑर्केस्ट्राच मोडला.

आज वीस वर्षांनी सगळे पुन्हा एकत्र वाजवणार होते.

"लोकोम्बेने शब्द दिलाय," निघताना एकांगा बायकोला म्हणाला. "आज हाक माझ्या नावाची."

"सुचलं म्हणायचं मेल्याला!" बेया हसली आणि ठेवणीतले कपडे घालून पहिल्या रांगेत जाऊन बसली. शेजारी बोलाम्बाची म्हातारी आई होती.

गाणं त्या जागेवर आलं.

"वाजव, एकांगा!"

म्हातारी कावरीबावरी झाली. "माझ्या पोराला का नाही गं बोलावलं?"

एकांगाची नजर तिच्यावर गेली आणि बोटं तारांवरच थांबली. त्याने वाकून लोकोम्बेच्या कानात काहीतरी सांगितलं.

"वाजव, बोलाम्बा!"

गिटार वाजू लागली. म्हातारीने बेयाचा हात घट्ट धरला. "ऐकतेस ना? माझा लेक!"

"हो, आई," बेया म्हणाली. "फार गोड वाजवतो तुमचा लेक."