भागधारकाचा प्रश्न

"तात्या, सगळ्या जगाला अणुवीज हवीय, युरेनियमचा भाव गगनाला भिडलाय. आता तरी त्या युरेनियम कंपनीचे शेअर विका!" शेअर दलाल महिनाभर कानीकपाळी ओरडत होता.

"एकही विकायचा नाही," म्हणून तात्यांनी फोन ठेवला, इस्त्रीचा सदरा चढवला आणि रिकाम्या घरात लॅपटॉपसमोर ताठ बसले. कंपनीच्या भागधारकांची सभा ऑनलाइन होती. दूर बर्फाळ माळावर युरेनियम शोधणारा कंपनीचा भूवैज्ञानिक पडद्यावर आला आणि लोकांनी त्याला भंडावून सोडलं. साठा किती, खाण कधी, नफा केव्हा?

तात्यांची पाळी आली. घसा खाकरून त्यांनी विचारलं, "तिथे माणसांना गरम जेवण मिळतं का?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. भूवैज्ञानिक मात्र खाली बघत म्हणाला, "मिळतं. पुढचा प्रश्न?"

सभा संपताच तात्यांनी दलालाला फोन लावला. "आणखी शेअर घे. आणि चौकशी कर, जास्त शेअर असले तर दोन प्रश्न विचारू देतात का?"

"एवढं काय विचारायचंय, तात्या?"

"काहीही चालेल रे. घर सोडून गेल्यापासून लेक आज पहिल्यांदा माझ्याशी बोलला."