कोरं टेकाड

"घर हलवायला आलास की विहीर खणायला?" आई खड्ड्याच्या काठावरून म्हणाली. "भांडं चुलीवर ठेवलंय. जेवल्याशिवाय कोणी कुठे जाणार नाही."

तो गुडघाभर खड्ड्यात उभा होता. किनाऱ्याचा नकाशा करणं हे त्याचं काम. वाऱ्याने हळूहळू साचवलेली वाळू पिवळ्या रंगात दाखवायची, समुद्राने आणून टाकलेली निळ्या. निळ्यातली घरं उठवायची, असा वरून हुकूम होता. सगळा किनारा रंगवून झाला होता. आईचं घर असलेलं टेकाड तेवढं त्याने कोरं ठेवलं होतं. छाती होत नव्हती, दुसरं काय.

शेवटी आईनेच पैज लावली होती. "माझ्या अंगणात खण. समुद्र इथवर आल्याचं दाखवलंस, तर मुकाट्याने निघेन. नाहीतर हा विषय पुन्हा काढायचा नाही." तिच्या सासूच्या सासूनेही या अंगणात कधी समुद्राचं पाणी पाहिलं नव्हतं.

वरची माती निघाली. खाली बारीक, एकसारखी वाळू लागली. वाऱ्याचीच. त्याला हायसं वाटलं. इथेच हात आवरता घेतला असता, तरी कोणी जाब विचारणार नव्हतं. पण त्याचा हात थांबेना.

खड्डा कमरेला आला आणि वाळूचा रंग पालटला. जाडीभरडी वाळू, फुटके शिंपले, गोटे, सगळं एकात एक कालवलेलं. चांगला हातभर जाडीचा थर.

"एवढं साचायला पिढ्या गेल्या असतील," आई म्हणाली.

"नाही गं. सगळं असं कालवलेलं, म्हणजे हे एका लाटेचं आहे."

आईने वाकून तो थर पाहिला. मग म्हणाली, "असेल. पण तेव्हा इथे होतं कोण? ओसाड रानात लाट आली काय नि गेली काय."

पैज तो जिंकला होता, पण आई हरायला तयार नव्हती. तो खणत राहिला. शिंपल्यांखाली काळी माती लागली. त्याने चिमूटभर दाताखाली धरून पाहिली.

"माती खायची खोड अजून गेली नाही वाटतं," आई म्हणाली.

त्या मातीत कचकच नव्हती. ती पिठासारखी जिभेवर विरली. "राख आहे," तो म्हणाला.

त्याने फावडं बाजूला ठेवून हातांनी उकरलं. तीन दगड दिसले. त्यांच्यामध्ये अजून नीट बसलेलं मडक्याचं बूड. आत करपून कोळसा झालेले दाणे.

त्याने तो तुकडा वर दिला. आईने दाण्यांवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत राहिली.

"भांडं उतरवायलासुद्धा वेळ मिळाला नाही तिला," ती म्हणाली.

मग ती आत गेली, आणि तिने अर्धंकच्चं जेवण चुलीवरून उतरवून खाली ठेवलं.