मूळ गाव स्केल्डरबी

"एकसष्ट," हिल्डाबाई म्हणाल्या. "आज जगात एकूण एकसष्ट स्केल्डरबी जिवंत आहेत. त्यातल्या एकाशी तुम्ही लग्न करताय."

ऋजुता हसली. शेजारी तिची आई, सुनीती, कपातला चहा संपवण्याच्या खटपटीत होती. लेस्टरमध्ये पस्तीस वर्षं काढूनही बिनसाखरेचा चहा तिच्या घशाखाली उतरत नसे आणि इंग्रजी बोलणं जेमतेमच कळत असे.

लग्न पाच आठवड्यांवर आलं होतं. ऋजुताचा मार्टिन क्रॉयडनला एका ऑफिसात नोकरीला होता. शांत, कामसू, वरणभात हाताने खाणारा. सुनीतीला तो आवडलाही होता. पण त्याला मागेपुढे कोणी नव्हतं. आईवडील लहानपणीच अपघातात गेले, पुढे अनाथाश्रमात वाढलो, एवढंच तो सांगायचा. गाव कुठलं? ठाऊक नाही. काका, आत्या? ठाऊक नाही. नवरा गेल्यावर एकटीने वाढवलेली लेक अशा माणसाला द्यायची म्हणजे सुनीतीच्या अगदी जिवावर आलं होतं. पत्रिका छापायची थांबली होती ती तिच्यामुळेच.

मग ऋजुताने इंटरनेटवर ते आडनाव शोधलं. यॉर्कशरमधलं हे खेडं सापडलं आणि आडनावाची वंशावळ सांभाळणाऱ्या या चौऱ्याहत्तर वर्षांच्या हिल्डाबाई सापडल्या. मार्टिनला तिने पत्ता लागू दिला नव्हता. लग्नात त्याला अख्खं घराणं भेट द्यायचं, असं तिच्या मनात होतं.

"'बी' म्हणजे गाव," हिल्डाबाई सांगत होत्या. "हजार वर्षांपूर्वी इथे डेन्मार्कहून डेन लोक आले, त्यांचा शब्द. स्केल्डर नावाच्या माणसाचं गाव. इथून जो बाहेर पडला, त्याला बाहेरचे लोक स्केल्डरबी म्हणू लागले."

ऋजुताने आईला समजावून सांगितलं.

"म्हणजे आपल्या नेवासकरांसारखंच की," सुनीती खूश झाली. "गावावरून आडनाव. मुळाची माणसं आहेत हो."

"१३७९च्या करवसुलीच्या यादीत पहिला स्केल्डरबी सापडतो. मेंढ्या कातरायचा," हिल्डाबाई म्हणाल्या. "पुढे एक जण मेंढी चोरून तुरुंगातही गेला."

हे शेवटचं वाक्य ऋजुताने आईसाठी वगळलं. पत्रिका कशीबशी मार्गी लागत होती, उगाच विषाची परीक्षा कशाला घ्या.

"आता सांगा. फोनवर तुम्ही नाव लपवलंत. कॅनडातला डेव्हिड की हल्ल शहरातला तो लाजाळू मुलगा?"

"मार्टिन," ऋजुता म्हणाली. रजिस्टर ऑफिससाठी मार्टिनने दिलेल्या जन्मदाखल्याची झेरॉक्स तिने पर्समधून काढून दिली.

हिल्डाबाईंनी चष्मा लावला. दाखला वाचला, परत वाचला.

"आपला रंग पसंत पडलेला दिसत नाही," सुनीती पुटपुटली.

"आई, please. ती फक्त वाचतोय." लेस्टरमध्ये वाढलेल्या ऋजुताच्या मराठीत लिंगांचा असा घोळ व्हायचाच.

"नऊ मे १९७१," हिल्डाबाई सावकाश म्हणाल्या. "वडील जॉर्ज, आई एडिथ. जॉर्ज माझा सख्खा भाऊ."

ऋजुताने भाषांतर करायच्या आधीच सुनीतीला ते कळलं होतं. "आत्या!" ती उठलीच. "अगं, ह्या मार्टिनच्या आत्या!" तिने हिल्डाबाईंचे दोन्ही हात धरले. इतक्या दिवसांचं ओझं उतरलं आणि तिला रडूच आलं. ऋजुताने 'आत्या'चा अर्थ इंग्रजीत सांगितला.

"हो. मी मार्टिनची आत्या," हिल्डाबाई म्हणाल्या. "हा कागद त्याच्याकडे कुठून आला?"

"मूळ दाखला हरवला म्हणून त्याने नवीन प्रत मागवली होती."

"तुम्ही इथे आलात, हे त्याला माहीत आहे?"

"नाही. सरप्राइज आहे."

"फोटो आहे?"

ऋजुताने मोबाइल पुढे केला. हिल्डाबाई बराच वेळ त्या चेहऱ्याकडे पाहत राहिल्या.

"देखणा आहे," त्या म्हणाल्या. मोबाइल परत देऊन त्यांनी चष्मा काढला आणि पदराने पुसावा तसा बाहीने पुसला.

"भरून आलंय हो बाईंना," सुनीतीने डोळे पुसले.

"कोट घाला. मी नुसतं सांगून तुमचा विश्वास बसणार नाही. चला."

घरामागच्या पायवाटेने त्या निघाल्या. हिल्डाबाई पुढे होत्या आणि मागे वळून बघत नव्हत्या. वळणावर चर्च दिसलं तशी सुनीतीची कळी खुलली.

"नव्या सुनेला कुलदैवताला नेतायत. यांच्यातही असतं बघ." तिने चालता चालता ऋजुताचे केस सारखे केले. "आता पत्रिकेत लिहायचंच. मूळ गाव स्केल्डरबी. उद्याच पुण्याला छापखान्यात फोन करते."

"ही गाव किती छोटा आहे, आई. मार्टिन वेडा होईल बघून."

हिल्डाबाई चर्चच्या दाराशी थांबल्या नाहीत. बाजूच्या ओल्या गवतातून त्या भिंतीपर्यंत गेल्या आणि एका बुटक्या दगडापाशी उभ्या राहिल्या. सुनीतीने बूट काढले, डोळे मिटले आणि भक्तिभावाने हात जोडले.

"जॉर्जला हा एकच मुलगा," हिल्डाबाई म्हणाल्या.

ऋजुताने वाकून दगडावरची अक्षरं वाचली. मार्टिन जॉर्ज स्केल्डरबी. जन्म ९ मे १९७१. मृत्यू २ फेब्रुवारी १९७६.